व्होल्टेज आणि करंट मोजूनही रोध आणि वॅट जुळत नाहीत, तेव्हा चूक कुठे शोधायची

तक्रार दर वेळी वेगळ्या शब्दांत येते. साठ वॅटचा बल्ब आहे, मीटरवर ६५ ओहम दिसले, सूत्रात घातले तर ८१४ वॅट निघतात. पंख्याचं व्होल्टेज गुणिले करंट केलं, पाटीवरच्या वॅटपेक्षा जास्त आलं. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचा (सप्लायकडच्या वाइंडिंगचा) रोध २० ओहम, म्हणजे २३० व्होल्टला साडेअकरा अँपिअर जायला हवेत, पण क्लॅम्प मीटर (वायरीभोवती जबडा अडकवून करंट मोजणारा) जेमतेम हलतो. १२ व्होल्टला १०० ओहमचा रेझिस्टर लावला, करंट हिशोबाप्रमाणे होता, तरी पाच मिनिटांत काळा पडला.

सूत्रं सगळ्यांना पाठ असतात, तरी एकदा समोर मांडून ठेवू:

ओहम = व्होल्ट ÷ अँपिअर
वॅट = व्होल्ट × अँपिअर
वॅट = अँपिअर × अँपिअर × ओहम
वॅट = व्होल्ट × व्होल्ट ÷ ओहम

खालची दोन सूत्रं पहिल्या दोनांतूनच निघतात, त्यामुळे चारही एकाच अटीवर चालतात. व्होल्टेज आणि करंट एकाच वस्तूचे हवेत, एकाच वेळी घेतलेले हवेत आणि एकाच जातीचे हवेत. एक सरासरी आणि दुसरा आरएमएस (बदलत्या व्होल्टेज-करंटची तापवण्याच्या हिशोबातली किंमत) असं चालत नाही. वरच्या तक्रारी एकेक करून तपासल्या, तर शेवटची सोडून प्रत्येकीत ही अट कुठेतरी मोडलेली सापडते. शेवटच्या तक्रारीत गणित बरोबर आहे, फक्त अर्ध्यावर सोडलेलं आहे.

आधी एकक बघा, मग बाकी सगळं

उत्तर हजारपटीने किंवा दहा लाखपटीने चुकत असेल, तर मीटरवर, वायरवर, पार्टवर संशय घेऊच नका. मिली आणि किलोची गडबड आहे. १२ व्होल्टला २० मिलीअँपिअर करंट असेल तर १२ ÷ २० = ०.६ ओहम होत नाहीत. २० मिलीअँपिअर म्हणजे ०.०२ अँपिअर, आणि १२ ÷ ०.०२ = ६०० ओहम. पॉवर १२ × ०.०२ = ०.२४ वॅट.

छोट्या सर्किटवर रोज काम असेल तर दशांश हलवत बसण्यापेक्षा एक जोडी लक्षात ठेवा. व्होल्टला मिलीअँपिअरने भागलं की उत्तर थेट किलोओहममध्ये येतं. व्होल्टला मिलीअँपिअरने गुणलं की थेट मिलीवॅटमध्ये. १२ ÷ २० = ०.६ किलोओहम, १२ × २० = २४० मिलीवॅट. आकडे तेच, चूक करायला जागा कमी.

ऑटोरेंज मीटरवर आणखी एक फसगत होते. रोध मोजताना कोपऱ्यातलं छोटं अक्षर आपोआप बदलतं: ओहम, किलोओहम, मेगाओहम. मोठा आकडा डोळ्यांत भरतो आणि अक्षर निसटतं. आकड्याबरोबर एककही कागदावर लिहिण्याची सवय लावली की ही चूक जवळपास बंद होते.

व्होल्टेज नेमकं कुणाचं?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. सूत्रात जो व्होल्टेज घालायचा तो त्या पार्टच्या दोन टोकांमधला. सप्लायवर लिहिलेला नव्हे, बॅटरीच्या लेबलवरचाही नव्हे.

५ व्होल्टचा सप्लाय, २२० ओहमचा रेझिस्टर आणि सिरीजमध्ये लाल एलईडी घेऊ. ५ ÷ २२० करून करंट २२.७ मिलीअँपिअर धरला जातो आणि मीटरवर दिसतात साडेतेरा. कारण लाल एलईडी स्वतःकडे साधारण २ व्होल्ट ठेवून घेते, रेझिस्टरच्या वाट्याला उरतात ३. मग ३ ÷ २२० = १३.६ मिलीअँपिअर. एलईडीचा 'रोध' काढायचा प्रयत्न तर करूच नका. २ व्होल्ट ÷ १३.६ मिलीअँपिअर = १४७ ओहम असं उत्तर मिळेल, पण सप्लाय वाढवला की हाच आकडा बदलेल. एलईडी आणि डायोड ओहमच्या नियमात बसत नाहीत: व्होल्टेज थोडंसं वाढलं की करंट भराभर वाढतो. एलईडीची पॉवर मात्र व्होल्ट × अँपिअरने बिनधास्त काढा. त्या क्षणाचं व्होल्टेज गुणिले त्या क्षणाचा करंट म्हणजे पॉवर, हे कुठल्याही पार्टला लागू असतं.

दुसरी नेहमीची चूक बॅटरीवर होते. लोड, म्हणजे बॅटरीवर चालणारी वस्तू, काढून व्होल्टेज मोजलं, १२.६ आलं. मग लोड लावून करंट मोजला, ६ अँपिअर आला. १२.६ ÷ ६ = २.१ ओहम आणि ७५.६ वॅट असं लिहून मोकळे. लोड चालू असताना लोडच्याच टर्मिनलवर प्रोब टेकवले तर मीटर ११.४ दाखवतो. खरा रोध १.९ ओहम, खरी पॉवर ६८.४ वॅट. मधले ७.२ वॅट वायर, जोड, फ्यूज होल्डर आणि बॅटरीच्या अंतर्गत रोधात उष्णता होऊन गेले. उतरलेले १.२ व्होल्ट ÷ ६ अँपिअर = ०.२ ओहम, हा त्या सगळ्या वाटेचा मिळून रोध.

या ०.२ ओहममध्ये दोषी कोण, हेही मीटरनेच सापडतं आणि काही सोडवावं लागत नाही. लोड चालू ठेवा, मीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि वाटेतल्या एकेका तुकड्याच्या दोन टोकांना प्रोब लावत पुढे सरका. बॅटरीचा खांब आणि त्यावर आवळलेला लग. लग आणि फ्यूज. फ्यूजची दोन टोकं. स्विचची दोन टोकं. चांगल्या जोडावर काही मिलीव्होल्ट दिसतात. एखाद्या ठिकाणी अचानक ०.६ व्होल्ट दिसले तर तोच जोड सैल किंवा गंजलेला. ६ अँपिअरला त्या एका जोडात ३.६ वॅट जळताहेत, हात जवळ नेला तरी ऊब लागेल. ओहम रेंजवर हाच जोड तपासला तर बहुतेक वेळा निर्दोष दिसतो. मीटर ओहम मोजताना अगदी थोडा करंट सोडतो, आणि गंजलेला जोड थोड्या करंटला गप्प बसतो.

लांब वायरीचा हिशोबही इथेच करून टाकू. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध २० अंश सेल्सिअसला किलोमीटरमागे सुमारे १२.१ ओहम असतो. लोड २० मीटर लांब असेल तर करंट जाऊन परत येतो, म्हणजे वायर ४० मीटर आणि रोध ०.४८ ओहम. १० अँपिअरला ४.८ व्होल्ट वायरीत उतरतात आणि ४८ वॅट वायरच खाते. २३० व्होल्टला हे दोन टक्के होतात, चालून जातं. १२ व्होल्टला हेच चाळीस टक्के होतात आणि लोड नीट चालतच नाही. जाण्याची लांबी धरून येण्याची विसरली की उत्तर बरोबर निम्मं येतं. निम्म्याचा फरक दिसला की आधी हे तपासा.

लोड लावला की व्होल्टेज उतरतं, ही अडचण हा नियम शोधणाऱ्या खुद्द ओहम यांच्याही वाट्याला आली होती. त्यांच्या काळातल्या रासायनिक सेलमधून करंट काढला की तो मापन होईपर्यंत घसरत जाई, आकडे एकमेकांशी जुळत नसत. भौतिकशास्त्रज्ञ पोगेनडॉर्फ यांनी सुचवल्यावर त्यांनी बिस्मथ आणि तांब्याच्या जोडाचं थर्मोकपल वापरलं, एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात. तापमान पक्कं, म्हणून व्होल्टेज पक्कं. तेव्हा कुठे तारेची लांबी आणि करंट यांचा संबंध स्वच्छ दिसला, आणि १८२७ मध्ये त्यांनी तो नियम पुस्तकरूपाने मांडला. आजही मापन विचित्र यायला लागलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा: मी आकडे घेत असताना सप्लाय जागेवर होता का?

थंड आणि गरम: एकाच पार्टचे दोन रोध

आता साठ वॅटचा तो बल्ब. २३० व्होल्टला ६० वॅट म्हणजे ०.२६ अँपिअर आणि ८८२ ओहम. मीटरवर दिसले ६५. दोन्ही आकडे खरे आहेत. बल्बची तार टंगस्टनची असते. पेटल्यावर ती अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास जाते आणि तिचा रोध थंड असतानाच्या बारा ते पंधरापट होतो. मीटर मोजतो थंड तार, सूत्राला हवी पेटलेली. स्विच टाकताक्षणी करंट खरोखरच तीन-साडेतीन अँपिअरकडे झेपावतो आणि सेकंदाच्या छोट्या भागात खाली येतो. जुने बल्ब बहुतेक वेळा स्विच टाकतानाच का जायचे, त्याचं हे मोठं कारण. फ्यूज किंवा इलेक्ट्रॉनिक स्विच निवडताना म्हणूनच थंड रोध उपयोगी पडतो. पॉवरसाठी तो कामाचा नाही.

हीटरची कॉइल याच्या अगदी उलट वागते. ती निक्रोमची असते, आणि निक्रोमचा रोध तापल्यावर काही टक्केच वाढतो. १००० वॅट, २३० व्होल्टच्या कॉइलचा गरम रोध ५२.९ ओहम. थंड असताना मीटरवर ५० ते ५२ च्या आसपास आले तर कॉइल ठणठणीत आहे. आकडा उघडा सर्किट दाखवत असेल तर तुटलेली. ३० दाखवत असेल तर एक तर जास्त वॅटची आहे, किंवा काही वेढे एकमेकांना चिकटून शॉर्ट झालेत.

हीटरवर आणखी एक गैरसमज असतो: पाटीवर १००० वॅट लिहिलंय म्हणजे तो नेहमी १००० वॅट घेतो. ते १००० वॅट २३० व्होल्टलाच. प्लगमध्ये २०७ व्होल्ट असतील, म्हणजे दहा टक्के कमी, तर पॉवर दहा टक्क्यांनी कमी होत नाही. रोध जवळपास तोच राहतो, व्होल्टेजचा वर्ग होतो: ०.९ × ०.९ = ०.८१. म्हणजे ८१० वॅट. पाणी तापायला वेळ लागतोय म्हणून कॉइल बदलण्याआधी हीटर चालू असताना प्लगवरचं व्होल्टेज बघा.

मीटर स्वतःही सर्किटचा भाग असतो

व्होल्टमीटर आणि अ‍ॅमीटर दोन्ही लावून रोध काढताना व्होल्टमीटर कुठे जोडायचा याच्या दोन पद्धती आहेत. थेट लोडवर जोडला, तर व्होल्टेज बरोबर मिळतं, पण अ‍ॅमीटरमधून लोडच्या जोडीला व्होल्टमीटरचाही करंट जातो. अ‍ॅमीटर आणि लोड या दोघांना मिळून जोडला, तर करंट बरोबर मिळतो, पण व्होल्टेजमध्ये अ‍ॅमीटरवर उतरलेला हिस्सा मिसळतो. शंभर टक्के बरोबर अशी जागा नाही, कमी चूक करणारी जागा निवडायची.

आकड्यांत बघा. लोड १ ओहमचा, अ‍ॅमीटर आणि त्याच्या वायरी मिळून ०.१ ओहम. दुसऱ्या पद्धतीने उत्तर १.१ ओहम येईल, दहा टक्के जास्त. पहिल्या पद्धतीने चूक नाहीच म्हणा, कारण डिजिटल व्होल्टमीटरचा रोध साधारण १० मेगाओहम असतो. आता लोड १ मेगाओहमचा घ्या. पहिल्या पद्धतीने १ मेगाओहमला समांतर १० मेगाओहम, उत्तर ०.९१ मेगाओहम, नऊ टक्के कमी. इथे दुसरी पद्धत हवी. सीमारेषा दोन्ही मीटरच्या रोधांच्या गुणाकाराचं वर्गमूळ: ०.१ × १,००,००,००० = १०,००,०००, त्याचं वर्गमूळ १००० ओहम. त्याखाली व्होल्टमीटर थेट लोडवर, त्यावर असेल तर अ‍ॅमीटरसकट. सुईचा जुना मीटर वापरत असाल तर सावध राहा. २० किलोओहम प्रति व्होल्टचा मीटर १० व्होल्टच्या रेंजवर फक्त २०० किलोओहमचा असतो, आणि तो मोठ्या रोधाच्या सर्किटमध्ये लावला की ज्या व्होल्टेजचा शोध चाललाय तेच खाली ओढतो.

अ‍ॅमीटरची दुसरी खोड मिलीअँपिअर रेंजवर दिसते. आतला शंट (करंट मोजण्यासाठी बसवलेला छोटा रोध), फ्यूज आणि प्रोब धरून त्या वाटेचा रोध काही ओहम होऊ शकतो. ५ ओहम धरले आणि सर्किट २०० मिलीअँपिअर घेत असेल तर मीटरवरच १ व्होल्ट गेला. ५ व्होल्टच्या बोर्डाला ४ मिळाले, आणि बोर्ड सारखा रीसेट होतोय म्हणून दोष सप्लायला. मीटर काढला की सगळं नीट चालतं, हे याचं पक्कं लक्षण. उपाय दोन. १० अँपिअरच्या रेंजवर मोजा, तिथे मीटरचा रोध खूप कमी असतो, पण छोट्या करंटचे शेवटचे आकडे मिळत नाहीत. किंवा सर्किटमध्ये ०.१ ओहमचा रेझिस्टर कायमचा टाका आणि त्याच्यावरचे मिलीव्होल्ट मोजा. २०० मिलीअँपिअरला २० मिलीव्होल्ट. मिलीव्होल्ट गुणिले दहा म्हणजे मिलीअँपिअर, आणि सर्किटला कळतही नाही.

शेवटच्या आकड्याबद्दलही बोलायला हवं. १० अँपिअरच्या रेंजवर मीटर ०.०४ अँपिअर दाखवतोय. तो ०.०१ च्या पायऱ्यांनीच दाखवू शकतो, म्हणजे आतला करंट ०.०३५ ते ०.०४५ मध्ये कुठेही असू शकतो, मीटरची स्वतःची चूक वेगळीच. १२ व्होल्टला भागलं तर रोध २६७ ते ३४३ ओहम. कॅल्क्युलेटर मात्र ऐटीत ३०० दाखवतो आणि आपण तो खरा मानतो. व्होल्टेजमधली टक्केवारीतली चूक आणि करंटमधली चूक, दोन्ही रोधात आणि पॉवरमध्ये भर घालतात. पाच टक्के सहनसीमेचा (छापील आकड्यापासून एवढा फरक मान्य असलेला) रेझिस्टर चार टक्के वेगळा आला तर काहीही बिघडलेलं नाही.

छोटे रोध मोजताना आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा. ०.२ किंवा ०.३ ओहम दिसतील, ते प्रोबच्या वायरीचे. ५३ ओहमच्या कॉइलला याने फरक पडत नाही, अर्ध्या ओहमच्या वाइंडिंगला मात्र निम्मा आकडा खोटा होतो. वजा करा, किंवा मीटरला रिलेटिव्ह बटण असेल तर प्रोब टेकवून ते दाबा. एका ओहमच्या खाली मात्र वजाबाकीवरही भरवसा नको, कारण प्रोब किती दाबून धरला यावर आकडा हलतो. तिथे चार वायरी लावा. करंट मर्यादा असलेल्या सप्लायवर १ अँपिअर ठेवा आणि दोन मगरचिमटे पार्टच्या दोन टोकांना लावा. व्होल्टमीटरचे प्रोब चिमट्यांवर टेकवू नका. चिमट्यांच्या आतल्या बाजूला, पार्टच्या धातूवरच टेकवा. चिमट्याच्या दातांवर जे व्होल्टेज उतरतं ते मग मोजणीबाहेर राहतं. मीटर ३७ मिलीव्होल्ट दाखवत असेल तर रोध ०.०३७ ओहम. एक प्रोब चिमट्यावर सरकवून बघा, आकडा लगेच वाढेल. तो वाढलेला हिस्सा चिमट्याच्या जोडाचा.

सर्किटमध्ये असलेल्या रेझिस्टरवर ओहम मोजायचे तर सप्लाय बंद हवा आणि कपॅसिटर रिकामे हवेत. मग एक नियम फार कामाचा आहे. आकडा रंगपट्ट्यांपेक्षा कमी आला तर समांतर दुसरी वाट आहे, एक पाय उचलून पुन्हा मोजा. १० किलोओहमला समांतर १० किलोओहम असतील तर ५ दिसणारच. आकडा सहनसीमेच्या पलीकडे जास्त आला आणि स्थिर असेल, तर पाय उचलायचीही गरज नाही. समांतर वाटेने रोध कधी वाढत नाही, रेझिस्टर गेला आहे. आकडा हळूहळू चढत असेल तर मीटर शेजारचा कपॅसिटर भरतोय, थांबा.

करंट शून्यच दिसत असेल आणि सर्किट बंद पडत असेल, तर मिलीअँपिअर रेंजचा फ्यूज उडालेला असतो. दुसऱ्या मीटरने तपासून घ्या. आणि करंट मोजून झाल्यावर लाल प्रोब त्याच क्षणी व्होल्टच्या खाचेत परत. प्रोब अँपिअरच्या खाचेत राहिला आणि व्होल्टेज बघायला सप्लायवर टेकवला, तर तो थेट शॉर्टसर्किट. मेन्सवर यात मीटर फुटून हात भाजतात. मेन्सचा करंट मोजायला सर्किट तोडून मीटर घालू नका, क्लॅम्प मीटर वापरा.

एसीवर गुणाकाराचं उत्तर वॅट नसतं

हीटर, इस्त्री, तारेचा बल्ब यांच्यावर व्होल्ट × अँपिअर म्हणजे वॅटच. मोटर, पंखा, ट्रान्सफॉर्मर, एलईडी बल्ब, चार्जर आले की गुणाकारातून येतात व्होल्ट-अँपिअर. पंखा २३० व्होल्टला ०.४ अँपिअर घेत असेल तर ९२ व्होल्ट-अँपिअर. पाटीवर ७५ वॅट असतील तर ७५ ÷ ९२ = ०.८२ हा पॉवर फॅक्टर, आणि दोन्ही आकडे बरोबर. पाटी खोटी नाही, मीटरही नाही. करंटची लाट व्होल्टेजच्या लाटेमागून येते, त्यामुळे त्याचा एक हिस्सा ऊर्जा घेऊन जातो आणि परत करतो. वायर आणि फ्यूजची जाडी ठरवताना ०.४ अँपिअरच धरायचा, कारण वायर तापते ती पूर्ण करंटने. विजेचा वापर काढताना ७५ वॅट.

आता तो ट्रान्सफॉर्मर. प्रायमरीवर मीटरने २० ओहम दिसले कारण मीटर डीसीने मोजतो आणि फक्त तांब्याची तार बघतो. एसीवर लोखंडी गाभ्यातलं चुंबकीय क्षेत्र दर सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होतं, आणि त्यातून उठणारं उलटं व्होल्टेज सप्लायला जवळजवळ बरोबरीने अडवतं. लोड नसेल तर करंट फार थोडा. २३० भागिले एसी करंट केल्यावर जे येतं ते इम्पिडन्स, म्हणजे एसीला होणारा एकूण अडथळा, नुसता रोध नव्हे. त्याला अँपिअरच्या वर्गाने गुणून वॅट काढू नका. ते २० ओहम वायांत जाणाऱ्या उष्णतेसाठी आहेत: प्रायमरीचा करंट अर्धा अँपिअर असेल तर ०.५ × ०.५ × २० = ५ वॅट तांब्यात जळतात. आणि अशी प्रायमरी चुकून २३० व्होल्ट डीसीला जोडली तर साडेअकरा अँपिअर खरेच जातील, वाइंडिंग जळेल.

एलईडी बल्ब आणि चार्जर यांचा करंट लाटेसारखा नसतो, शिखरापाशी छोटासा टोकदार झटका येतो आणि बाकी वेळ जवळपास काही नाही. स्वस्त मीटर सरासरी मोजतात आणि लाट गुळगुळीत आहे असं धरून आरएमएस दाखवतात, त्यामुळे अशा करंटवर ते कमी वाचतात. ट्रू आरएमएस मीटर घेतला की करंट बरोबर येईल, वॅट तरीही नाहीत. ९ वॅटचा बल्ब ०.०७ अँपिअर घेऊ शकतो, गुणाकार १६. अशा वस्तूंचे वॅट फक्त वॅटमीटरच सांगतो, कारण तो व्होल्टेज आणि करंट क्षणाक्षणाला गुणून मग सरासरी काढतो.

क्लॅम्प मीटर शून्य दाखवतोय? जबड्यात पूर्ण केबल घातली आहे. जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना मारतात. फक्त एकच वायर घ्या. करंट अगदी छोटा असेल तर तीच इन्सुलेटेड वायर जबड्यातून दहा वेळा फिरवा आणि आकड्याला दहाने भागा.

तुकड्या-तुकड्याने येणारा डीसी

दिव्याची किंवा हीटरची तीव्रता कमी करणाऱ्या कंट्रोलरमागे मोजताना हे फसवतं. १२ व्होल्टचा सप्लाय, १२ ओहमचा लोड, कंट्रोलर अर्धा वेळ चालू आणि अर्धा वेळ बंद. डीसी रेंजवर मीटर ६ व्होल्ट आणि ०.५ अँपिअर दाखवतो. गुणाकार ३ वॅट. लोड मात्र दुप्पट तापतो. खरा हिशोब असा: चालू असताना १ अँपिअर, १२ वॅट. अर्धा वेळ, म्हणून ६ वॅट. सरासरी गुणिले सरासरी म्हणजे सरासरी पॉवर होत नाही. आरएमएस व्होल्टेज ८.४९ आहे, त्याचा वर्ग ७२, भागिले १२ = ६ वॅट, जुळलं.

ट्रू आरएमएस मीटर इथेही थेट ८.४९ दाखवेलच असं नाही. बरेचसे मीटर एसी रेंजवर डीसी भाग अडवतात आणि फक्त चढउतार मोजतात, म्हणजे ६ दाखवतात. मग डीसीवरचे ६ आणि एसीवरचे ६ घ्या, दोघांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढा: ३६ + ३६ = ७२, वर्गमूळ ८.४९.

गणित बरोबर, तरी रेझिस्टर जळला

१२ व्होल्टला १०० ओहम: ०.१२ अँपिअर, १.४४ वॅट. लावलेला रेझिस्टर पाव वॅटचा. ओहम जुळले, वॅट बघितलेच नाहीत. रेझिस्टर हातात घेतानाच त्याची कमाल व्होल्टेज काढून ठेवा: वॅट × ओहमचं वर्गमूळ. ०.२५ × १०० = २५, म्हणजे ५ व्होल्ट. पाव वॅटचा १०० ओहम ५ व्होल्टच्या वर लावायचाच नाही, आणि तोही मोकळ्या हवेत. बंद डब्यात, गरम भागाशेजारी क्षमता आणखी उतरते, म्हणून हिशोबाच्या दुप्पट वॅटचा निवडायचा. इथे ३ वॅट.

३ वॅटचा हाताशी नसेल तर अर्ध्या वॅटचे १०० ओहमचे चार घ्या. दोन सिरीजमध्ये, दुसरे दोन सिरीजमध्ये, आणि दोन्ही जोड्या समांतर. एकूण रोध १०० ओहमच राहतो, प्रत्येकाच्या वाट्याला ०.३६ वॅट येतात. चालतं, पण तापतील, बोर्डापासून थोडे उचलून सोल्डर करा. काळा पडलेला रेझिस्टर ओहममध्ये बरोबर निघाला तरी परत लावू नका, पुढच्या तापण्यात त्याचा आकडा सरकतो.

निकाल पडताळायचा तर

हीटरसारख्या लोडची पॉवर वेगळ्या वाटेने तपासायला इलेक्ट्रॉनिक वीजमीटरचा लुकलुकणारा लाल दिवा पुरतो. मीटरवर युनिटमागे किती इम्पल्स ते छापलेलं असतं, समजा ३२००. बाकी सगळं बंद करा, फक्त हीटर चालू ठेवा आणि स्टॉपवॉच घ्या.

वॅट = ३६,००,००० × लुकलुक ÷ (इम्पल्स × सेकंद)

२४ सेकंदांत २० लुकलुक झाल्या तर ३६,००,००० × २० ÷ (३२०० × २४) = ९३७.५ वॅट. त्याच वेळी प्लगवर २२३ व्होल्ट होते. २२३ × २२३ ÷ ५२.९ = ९४० वॅट. दोन स्वतंत्र वाटांनी आलेले आकडे अडीच वॅटांच्या फरकाने जुळले, याहून जास्त अचूकतेची अपेक्षा हाताच्या स्टॉपवॉचकडून ठेवू नये.

इथेही फरक पाच टक्क्यांचा आला तर मोजणी कशी केली ते आठवा. पहिल्या लुकलुकीला स्टॉपवॉच सुरू करताना तोंडाने 'एक' म्हटलं असेल तर विसाव्या लुकलुकीपर्यंत अंतरं एकोणीसच होतात. सुरुवातीला 'शून्य' म्हणायचं.